‘मोबाईल बंद करा, आपोआप बोलेल’

आमची पिटू (हे घरातलं नाव, खरं नाव इथे नको) दोन वर्षांची झाली तेव्हा तिला एबीसीडी झेडपर्यंत यायची, वन टू थ्री वीसपर्यंत यायचं, पण पाणी मागता यायचं नाही. तहान लागली की आजीचं बोट धरून माठापर्यंत न्यायची आणि तिथे उभी राहायची. शब्द नाही, आवाज नाही. आजीला कळायचं, मलाही कळायचं, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं.

आम्ही नाशकात सिडकोत राहतो. मी अंबडला एका कंपनीत शिफ्टमध्ये, बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये आणि पिटू दिवसभर माझ्या आईकडे. जेवताना टॅबवर गाणी, दुपारी आजीबरोबर टीव्ही, रात्री आम्ही थकून आलो की आमच्यातल्या कुणाचा तरी फोन. आमच्या मजल्यावरच्या तिन्ही घरांत हेच चालतं.

मूल उशिरा बोलतंय म्हणून मी गेल्या वर्षी माहिती शोधायला बसलो, तेव्हा जे मिळालं ते एक तर घाबरवणारं होतं नाहीतर परदेशातलं. नाशकात नेमकं कुठे जायचं, आधी काय करायचं, किती दिवस जातात, हे कुठेच सापडलं नाही. म्हणून घडलं त्या क्रमाने लिहितोय.

सुरुवात जून २०२४ मध्ये झाली. तापासाठी मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. औषध लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, “शब्द किती बोलते?” आम्ही एबीसीडी सांगितली. “ते पाठांतर झालं. स्वतःहून किती? दोन शब्द जोडते का, ‘बाबा ये’, ‘दूध दे’ असं?” आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. दोन वर्षांच्या मुलाला साधारण पन्नासेक शब्द यावेत आणि दोन शब्द जोडता यावेत, असं त्यांनी सांगितलं. पिटूचे मोजून आठ-दहा निघाले असते, तेही ‘टाटा’ आणि ‘बेबी’ धरून.

मग त्यांनी एक छापील प्रश्नावली दिली. एम-चॅट म्हणतात तिला, ऑटिझमची (स्वमग्नतेची) शंका आहे का ते बघायला. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी असते आणि तिच्यात हो-नाहीचे २० प्रश्न असतात. तुम्ही बोट दाखवलं तर मूल तिकडे बघतं का, नावाने हाक मारली तर वळतं का, वस्तू आणून दाखवतं का, असे. यावरून निदान होत नाही, पुढे तपासायचं की नाही एवढंच ठरतं. ० ते २ गुण म्हणजे काळजी कमी, ३ ते ७ म्हणजे मधला गट, त्याच्या वर असेल तर थेट सविस्तर तपासणी. पिटू मधल्या गटात आली, आणि गुण पडले ते बहुतेक हाकेला न वळण्यासारख्या प्रश्नांवर. एक सुचवतो. ही प्रश्नावली नवरा-बायकोने वेगवेगळी भरावी आणि मग ताडून बघावी. आमची तीन उत्तरं जुळली नाहीत, आणि त्या तीन प्रश्नांवर डॉक्टर सगळ्यात जास्त वेळ बोलले.

शेवटी ते म्हणाले, “स्क्रीन कमी कराच. पण आधी कान तपासून घ्या.”

घरी आल्यावर यातलं पहिलं वाक्य सगळ्यांनी उचललं आणि दुसरं तिथेच राहिलं. सासरवाडीहून फोन आला, “मोबाईल बंद करा, आपोआप बोलेल.” शेजारच्या काकूंनी तेच सांगितलं. कंपनीत तेच. आत्याने वेखंड मधात उगाळून जिभेला लावायला सांगितलं. आई म्हणाली, “अरे, तुझा काका चार वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता, आता बघ, थांबतो का?” (वेखंडाचं डॉक्टरांना विचारलं, त्यांनी स्पष्ट नको सांगितलं.) व्हॉट्सअॅपवर कुणीतरी ‘व्हर्च्युअल ऑटिझम’चा व्हिडिओ पाठवला. तो बघून बायको रात्रभर झोपली नाही. पुढे बोलण्याच्या थेरपीच्या मॅडमना हे विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की असं कुठलंही मान्यताप्राप्त निदान नाही. स्क्रीनमुळे ऑटिझम होतो असं म्हणता येत नाही. स्क्रीनमुळे घरातलं बोलणं कमी होतं, हे मात्र म्हणता येतं. हा फरक आम्हाला जूनमध्येच कुणी सांगितला असता तर ती रात्र वाचली असती.

मोबाईल हे इतकं पटणारं उत्तर आहे की पुढचं काही विचारावंसं वाटत नाही. जुलैचा पहिला पंधरवडा आम्हीही ‘बंद करून बघू’ म्हणत काढला. बायकोला मात्र चैन पडेना. लॅबमध्ये काम करते, तपासणी न करता ठरवून टाकलेलं तिला पटत नाही. जुलैच्या मध्यावर आम्ही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो.

तपासणी फी सहाशे. आधी ओएई नावाची चाचणी झाली. कानात छोटं बूच घालतात, मिनिटभरात होते, मूल जागं असलं तरी चालतं, फक्त रडता कामा नये. दोन्ही कानांत ‘रेफर’ आलं, म्हणजे पास नाही. मग टिंपॅनोमेट्री. यात कानात हलकासा हवेचा दाब देऊन पडदा नीट हलतो का ते बघतात. पडदा हलत असेल तर आलेखावर मधोमध उंचवटा उमटतो. पिटूच्या दोन्ही आलेखांत सरळ आडवी रेघ होती. डॉक्टरांनी कागदावर कानाचं चित्र काढलं आणि पडद्याच्या मागे पेन्सिलने रेघोट्या मारल्या. “इथे पाणी साचलंय. रामकुंडात डोकं पाण्याखाली घेऊन काठावरच्यांचं बोलणं ऐकलं तर कसं येईल? तसं येतंय तिला.” कानातून पू नाही, ठणका नाही, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही. लहान मुलांत कानाला घशाशी जोडणारी नळी आखूड आणि आडवी असते, सर्दी झाली की ती तुंबते. आमच्याकडे सर्दी पावसाळाभर पाहुणी.

ऐकू नेमकं किती कमी येतंय हे बघायला बेरा नावाची चाचणी करायला सांगितली. नाशकात दोन-तीन ठिकाणी फोन केले. एका ठिकाणी मशीन दुरुस्तीला गेलेलं, दुसरीकडे दहा दिवसांनंतरची तारीख. शेवटी शरणपूर रोडच्या बाजूला एका केंद्रात नंबर मिळाला, अडीच हजार रुपये.

बेराबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच लोकांची फजिती होते. मूल गाढ झोपलेलं लागतं. कपाळावर आणि कानांमागे चिकटपट्ट्या लावतात, कानात टिकटिक आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत काय पोचतंय ते मशीन टिपतं. पाऊण तास तरी जातो. मुलाला पहाटेपासून जागं ठेवायचं आणि तिथे गेल्यावर झोपेचं सिरप द्यायचं, अशी पद्धत. आदल्या दिवशी केस धुवायचे आणि तेलाचा थेंबही लावायचा नाही, नाहीतर पट्ट्या चिकटत नाहीत. हे आम्हाला फोनवर कुणी सांगितलं नव्हतं, बायकोला माहीत होतं म्हणून बरं. पहाटे चारला पिटूला उठवलं. साडेआठपर्यंत घरात भांडी वाजवून, बादलीत पाणी खेळवून जागं ठेवलं. त्रिमूर्ती चौकातून रिक्षा केली. उंटवाडीपर्यंत ठीक होती, मायको सर्कलच्या सिग्नलला तिने बायकोच्या खांद्यावर मान टाकली. केंद्रात पोचेपर्यंत वीस मिनिटांची झोप झाली आणि दारात उतरताना बाईसाहेब टवटवीत. सिरप देऊनही काही झोपल्या नाहीत. पुढची तारीख घेऊन परत आलो.

दुसऱ्या खेपेला मेहुणा मागे बसून रस्ताभर टाळ्या वाजवत होता, तेव्हा कुठे जमलं. तुम्हालाही रिक्षाने जायचं असेल तर बोलका माणूस सोबत घ्या. एक पातळ पांघरूणही घ्या, एसी जोरात असतो. आणि हो, कानाच्या तपासणीच्या त्या केंद्रात, जिथे निम्मी मुलं न बोलणारी म्हणून आलेली, तिथल्या वेटिंगमध्ये भिंतीवर भला मोठा टीव्ही होता आणि त्यावर कार्टून. आवाज मोठ्ठा.

रिपोर्ट आला. आतली नस चांगली, साचलेल्या पाण्यामुळे दोन्ही कानांनी ऐकू थोडं कमी येतंय. डॉक्टर म्हणाले, अँटिबायोटिकचा यात उपयोग नाही, तीन महिने थांबायचं. बहुतेक मुलांत पाण्याचा आपोआप निचरा होतो. नाही झाला तर पडद्यात बारीक नळी बसवायचं बघू. तोवर आडवं झोपवून बाटलीने दूध द्यायचं नाही आणि घरात कुणी सिगारेट ओढायची नाही.

आईने हे ऐकलं आणि त्याच संध्याकाळी टीव्ही लावला. “कानाचं निघालं ना? मोबाईलवर उगाच आळ.” मी पुढच्या भेटीत हे डॉक्टरांना सांगितलं. ते हसले नाहीत. “बाबा, टॅबचा आवाज ती किती ठेवते?” पूर्ण. कायम पूर्ण. आम्ही कमी केला की ती वाढवायची, आम्हाला तो हट्ट वाटायचा. “टॅब तिला नीट ऐकू येतो, तुम्ही येत नाही. मग ती कुणाकडे जाणार? जिला कमी ऐकू येतं तिच्यासमोर तोंड दाखवून बोलणारा माणूस जास्त लागतो.”

तेव्हा हिशेब मांडला. भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकोनात रोज पेन्सिलने नोंद, कोणती स्क्रीन, किती वेळ. टॅब आणि फोन मिळून दोन-अडीच तास भरत होते, ते अपेक्षितच होतं. धक्का टीव्हीचा बसला. पिटू तो बघतही नव्हती, पण दुपारी बारापासून रात्री दहापर्यंत तो मागे चालूच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी तेवढं चांगलं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही म्हणणं तेच. दोन वर्षांखाली अजिबात नाही, नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल एवढा अपवाद. मला जास्त पटला तो २०२४ मधला ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास. तीन वर्षांच्या मुलांच्या बाबतीत स्क्रीनचं एकेक मिनिट वाढलं की मोठ्यांच्या तोंडून त्यांच्या कानावर पडणारे शब्द सहा-सातने कमी होतात, असं त्यात दिसलं. मिनिटामागे सहा-सात! आमच्या दहा तासांच्या टीव्हीचं गणित मी मुद्दाम केलं नाही.

आता सरकारी भाग. गल्लीतल्या अंगणवाडी ताईंना बायकोने विचारलं तेव्हा कळलं की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. हा कार्यक्रम २०१३ पासून आहे आणि त्यात अठरा वर्षांपर्यंतची मुलं येतात. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर अशा चारही गोष्टी त्यात बघतात, बोलण्यातला उशीरही. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पथक आलं. डॉक्टरांनी आमचे रिपोर्ट बघितले, वजन-उंची घेतली आणि सिव्हिलमधल्या डीईआयसीसाठी चिठ्ठी दिली. डीईआयसी म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. नाव जड आहे, पण तिथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्राचे, वाचा-श्रवणाचे असे सगळे लोक एका ठिकाणी असावेत, ही कल्पना.

त्र्यंबक नाक्याजवळच्या सिव्हिलमध्ये जाताना काय न्यावं ते सांगतो. मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाचं माता-बाल संरक्षण कार्ड, आई-बाबांचं आधार, पथकाची चिठ्ठी, आधीचे सगळे रिपोर्ट, आणि प्रत्येकाच्या दोन दोन झेरॉक्स. केसपेपरला पैसे लागत नाहीत. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. वेळ मात्र लागतो. सकाळी लवकर जा, अर्धा दिवस सुटी धरूनच जा. रांगेत मुलाला देण्यासाठी आम्ही डब्यात मुरमुरे, एक चेंडू आणि कपड्यांचे चिमटे न्यायचो. बाकाच्या कडेला चिमटे लावणं-काढणं यात पिटूचा तास जायचा, शेजारची पोरंही येऊन बसायची.

तिथल्या थेरपीच्या मॅडमनी पिटूपेक्षा आम्हालाच जास्त शिकवलं. आठवड्यातली अर्ध्या तासाची थेरपी पुरत नाही, उरलेला आठवडा घरात जातो, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. “ती बसते तेवढ्या उंचीवर बसायचं, चेहऱ्यावर उजेड हवा. ‘हे काय? ते काय?’ अशी परीक्षा घ्यायची नाही, आपण नाव घ्यायचं. आणि वस्तू द्यायच्या आधी थांबायचं.” हे थांबणं आईला सगळ्यात अवघड गेलं. मुलीने माठाकडे बघितलं की हिच्या हातात पेला आलेलाच.

टॅब बंद केला तो गणपतीच्या आधी, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. आम्ही हळूहळू कमी केलं नाही, माळ्यावर टाकला. पहिले चार दिवस वाईट गेले. पिटू जेवेचना. आई म्हणे, पोर वाळेल. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं की पाणी पितेय आणि खेळतेय ना, मग भूक लागली की खाईल. पाचव्या दिवशी तिने वरण-भाताला स्वतः हात घातला. अर्धा भात जमिनीवर. तो पुसायला लागणारा वेळ हाच खरा टॅबचा मोबदला होता, हे तेव्हा कळलं. टीव्हीचं भांडण लांबलं. आईच्या बाजूने बोलायचं तर तिला दिवसभरात दुसरी करमणूक नाही, दोन वर्षांच्या मुलामागे धावून गुडघे गेलेत. ‘टीव्ही बंद कर’ म्हणून आम्ही कामावर निघून जाणं सोपं होतं. शेवटी ठरलं की पिटू रात्री साडेआठला झोपली की आईच्या मालिका, तोवर मी आणि बायको आलटून पालटून लवकर घरी. मी महिन्याची दुसरी पाळी बदलून घेतली, त्यात ओव्हरटाइम बुडाला. या सगळ्या प्रकरणात आम्हाला सर्वांत जास्त तेच महागात पडलं. आमचे फोन घरात आल्यावर फ्रिजवर. कंपनीचा कॉल आला तर उभं राहून बोलायचं, बसून नाही.

बुधवारी सुटी असली तर मी तिला गोदाकाठच्या बाजाराला न्यायला लागलो. मेथी, दुधी, वांगं, गाडी, गाय, घंटा, सगळं समोर आणि सगळं हातात घेता येतं. भाजीवाल्या मावशी मोठ्याने आणि तोंड भरून बोलतात, पिटूला त्यांचं बरोबर ऐकू जायचं.

नोव्हेंबरमध्ये, दिवाळी झाल्यावर, कान पुन्हा तपासले. उजव्या कानाच्या आलेखात उंचवटा आला होता, डावा अजून सपाट. डॉक्टर म्हणाले नळीची घाई नको, थंडी जाऊ दे. नाशकाची थंडी म्हणजे पुन्हा सर्दी, त्यामुळे डिसेंबर-जानेवारी आम्ही जीव मुठीत धरून काढले. कानटोपी, गरम पाणी, गर्दीत न नेणं. याच काळात शब्द येऊ लागले. एका संध्याकाळी आई मटार सोलत होती. शेंग उघडून हनुवटीजवळ धरली आणि मॅडमनी सांगितल्याप्रमाणे थांबली. पिटूने शेंगेकडे बघितलं, आजीच्या तोंडाकडे बघितलं, हात पुढे केला. आई गप्प. ओठ घट्ट मिटलेले, डोळे मोठे, मान जराशी हलतेय. मी दारातून बघत होतो, मला वाटलं आता देतेच ही. पिटू म्हणाली, “दे.” मग शेंग मिळाली, मग पुन्हा “दे”, मग पुन्हा. त्या दिवशी मटार-उसळ झाली नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी डावा कानही बराच सुधारला. पूर्ण नाही, पण नळीची गरज नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं. सिव्हिलमध्ये पुन्हा सविस्तर तपासणी झाली, ऑटिझमची शंका त्यांनी काढून टाकली. आता पिटू तीन वर्षांची आहे, तीन-चार शब्दांची वाक्यं बोलते, ‘क’ला ‘त’ म्हणते, भांडते. थेरपी महिन्यातून एकदा चालू आहे. स्क्रीन शून्य केलेली नाही. पुण्याच्या मावशीशी व्हिडिओ कॉल, रविवारी आमच्यापैकी कुणी शेजारी बसून अर्धा तास काहीतरी. आजारी असली की नियम मोडतो, मग दोन दिवस कटकट होते.

सगळ्या खासगी तपासण्या, फिया, रिक्षा धरून दहा-बारा हजारांच्या घरात खर्च गेला. थेरपी बाहेर घेतली असती तर एका वेळचे पाचशे-सहाशे, म्हणजे हा आकडा कितीतरी वाढला असता. रिपोर्टची एक फाईल करा आणि तारखेच्या क्रमाने लावा. प्रत्येक खिडकीवर तीच मागतात.

सध्या शाळेचं बघतोय. घराजवळच्या एका प्लेग्रुपमध्ये चौकशीला गेलो. माहितीपत्रकावर पहिलंच वैशिष्ट्य, ‘प्रत्येक वर्गात स्मार्ट स्क्रीन’. मी विचारलं, दिवसातून किती वेळ लावता? मॅडम म्हणाल्या, “फक्त गाण्यांना. आणि डब्याच्या वेळी, मुलं पटापट खातात.” तिथून निघालो आणि अंगणवाडी ताईंकडे गेलो. त्यांच्याकडे स्क्रीन नाही, पंखाही एकच आहे. जूनपासून पाठवा म्हणाल्या. आईला ते कमीपणाचं वाटतंय, बायको अजून विचार करतेय.